व्हर्नामावशीची बरणी

आई जपानला आली तेव्हा दोन गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. एक म्हणजे ‘भूकंपाचं काही नसतं गं, सवय होते’ हे बाबांचं म्हणणं, आणि दुसरी म्हणजे दुकानातलं दही. पहिल्या गोष्टीचा निकाल पुढे पृथ्वीनेच लावला. दुसरीचा बंदोबस्त आईने निघतानाच करून ठेवला होता. डोंबिवलीच्या आजीने दह्यात बुडवून वाळवलेला पंच्याचा तुकडा तिने पासपोर्टच्या पाकिटातून आणला, आणि ग्योतोकु उपनगरातल्या फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या आधी कोमट दुधाची चौकशी केली. इथलं दही डब्यात गुळगुळीत बसलेलं, गोडसर, कुणाशीच वैर नसलेलं. दह्याला थोडा तरी राग असावा, असं आईचं मत होतं. तिचं दही तसंच लागे, आणि खरं सांगायचं तर तीही थोडी तशीच होती.

फ्लॅट दोन खोल्यांचा. स्वयंपाकघर म्हणजे दारातून आत आल्यावर डाव्या हाताला लागणारी एक पट्टी. देवघराला जागा नव्हती म्हणून देव फ्रिजवर बसवले होते, त्यामुळे फ्रिजची मोटर सुरू झाली की अन्नपूर्णा हलकेच थरथरायची आणि आई तिला एका बोटाने धरून ठेवायची. खिडकीतून तोझाई लाइनची गाडी पुलावरून जाताना ऐकू यायची. संध्याकाळच्या त्यातल्याच एखाद्या गाडीत बाबा उभ्याने झोपलेले असत. ते एका जपानी कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर होते आणि घरातल्या कुठल्याही वादात ‘उद्या बघू’ एवढंच बोलत. सकाळी ऐकू यायचे ते कावळे. ते कोंबडीएवढे कावळे जळाऊ कचरा उचलायच्या दिवशी निळ्या जाळीखालच्या पिशव्या ओढून काढत आणि आईने गाठ मारलेली पिशवीच नेमकी फोडत. आई झाडू घेऊन खाली जायची आणि त्यांच्याशी शुद्ध मराठीत भांडायची. इमारतीची देखभाल करणारे ओनो-सान हे म्हातारे गृहस्थ बाजूला अदबीने उभे राहत. ही पूजा आहे की काय, अशी त्यांना बरेच दिवस शंका होती.

शेजारच्या दारात व्हर्नामावशी राहायची. ती त्रिनिदाद बेटाची, जवळच्याच उरायासुच्या एका बालवाडीत इंग्रजी गाणी शिकवायची. नवरा जपानी, त्याची कंपनीने नागोयाला बदली केलेली, तो महिन्यातून एखाद्या शनिवारी बॅग घेऊन यायचा आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसायचा. मुलगी नाओमी माझ्याच वर्गात. मी तिच्या आईला ‘आंटी’ म्हणू लागले तेव्हा माझ्या आईने ते मोडून काढलं. ‘आंटी दुकानातल्या बायकांना म्हणतात. ही मावशी.’ नाओमीने माझ्या आईला काय म्हणावं याचाही निकाल त्याच वेळी लागला, आणि ती शेवटपर्यंत जपानी उच्चारात ‘काकू’ म्हणत राहिली. व्हर्नामावशी मात्र आईला ‘नेबर’ म्हणायची. त्यांच्याकडे शेजारणीला तसंच म्हणतात, नाव घेत नाहीत. आईला हे फार सभ्यपणाचं वाटलं. दोघींचं बोलणं इंग्रजीत चाले, एकीचं गाण्यासारखं आणि दुसरीचं पुण्याच्या शाळेतलं. इथे मी ते मराठीतच देते, कारण माझ्या डोक्यात ते तसंच राहिलं आहे.

पहिल्या भेटीत व्हर्नामावशीने आमच्या ओट्याकडे बघून रोटी, दाल, आलू, बैंगन अशी बोटं दाखवत नावं घेतली तेव्हा आई खुर्चीवर बसलीच. मावशीची एक पणजी हिंदुस्तानातून जहाजाने उसाच्या मळ्यावर गेलेली. ‘म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच,’ आई म्हणाली. ‘नेबर, मी थोडी थोडी सगळ्यांच्यातलीच आहे,’ मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईने पुरणपोळी पाठवली. ती मावशीने ओळखली, फक्त हिच्यात साखर कुणी घातली एवढंच विचारलं. त्यांच्याकडची डाळपुरी तिखटमिठाची असते.

मावशीच्या बेटांकडच्या लोकांची वस्ती इथे एका पंगतीत मावेल एवढीच होती. चिबातले दोन शिक्षक, स्टीलच्या पिंपांवर गाणी वाजवणारा एक सैतामाचा गृहस्थ, बार्बाडोसची एक बाई, योकोहामात खाणावळवजा बार चालवणारा जमैकाचा डेझमंड, आणि या सगळ्यांची मुलं, जी कुणी काही विचारलं की जपानीत उत्तर देत. नाताळात ते गावच्या सार्वजनिक सभागृहाचं स्वयंपाकघर भाड्याने घेत आणि कुठल्या बेटाचं काय चांगलं यावर भांडत. आई एकदा जाऊन आली आणि बाबांना म्हणाली, ‘अगदी आपल्या मंडळासारखं आहे हो. फक्त हे लोक भांडण झाल्यावर नाचतात.’

मग तो भूकंप झाला. त्याचं सगळं लिहीत बसत नाही, ते खूप जणांनी लिहिलं आहे. आमच्या घरात भांडी पडली, देव पडले, उरायासुत जमिनीतून चिखल वर आला, आणि आठवड्याभरात बाबांच्या कंपनीने बायकामुलांना भारतात पाठवायचं ठरवलं. निघताना जिन्यात आईने व्हर्नामावशीच्या हातात एक वाटी दिली. रोज संध्याकाळी कोमट दूध, त्यात एवढंसं, हलवायचं नाही, एवढ्याच सूचना. मावशी कुठेच गेली नव्हती. वीज ठरवून बंद होत होती, दुधाला रांगा होत्या. आम्ही उन्हाळा संपवून परत आलो तेव्हा ती तीच वाटी घेऊन दारात उभी. आत दही, वर जाड साय. ‘तुझ्या प्राण्याला रोज खायला घातलं,’ ती म्हणाली. तिला दही मुळीच आवडत नव्हतं. पण उरलेलं टाकलं तर पाप लागेल अशी तिची समजूत झाली होती, म्हणून ती आणि नाओमी रोज नाक दाबून ते संपवत होत्या. आईने वाटी घेतली आणि आत जाऊन फ्रिजवरच्या देवांकडे बराच वेळ बघत राहिली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने लगेच कढी केली.

म्हणून पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मावशीच्या आईची तब्येत बिघडली आणि ती घाईने त्रिनिदादला निघाली, तेव्हा नाओमी आमच्याकडे राहणार हे न विचारताच ठरलं. नाओमीच्या पाठोपाठ एक काचेची मोठी बरणी आली. आत काळंभोर, दाट काहीतरी. ‘फळं आहेत,’ मावशी म्हणाली. ‘साखर, आणि घरची जुनी पद्धत. अंधारात ठेव, बस. नाताळच्या केकची.’ त्यात रम आहे हे ती बोलली नाही. फ्रिजवरचे देव, बाबांचे गुरुवार आणि आईचं तोंड हे सगळं तिने पाहिलेलं होतं. आपल्या शेजारणीला संकोच नको, एवढाच तिचा विचार. आजही वाटतं, माणसं एकमेकांशी थोडी कमी सभ्यपणाने वागली तर निम्मे घोटाळे होणार नाहीत.

जपानी पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते. आईने एका सकाळी बरणीत डोकावून बघितलं आणि झाकण उघडताच भप्पकन वास आला. आता कुठल्याही मराठी बाईला विचारा, मुरांब्याला असा वास आला म्हणजे काय झालं? आंबला. आणि आंबलेल्या मुरांब्याचं काय करतात? पातेल्यात काढून, साखर घालून, पाक पुन्हा आटवून घेतात. शेजारणीने विश्वासाने ठेवलेला जिन्नस आपल्या घरात नासला, ही नामुष्की तिला सहन होण्यासारखी नव्हती. तिने बरणीतलं शेवटच्या मनुकेपर्यंत काढलं, वर साखर घातली, वेलदोडे घातले, चार लवंगा घातल्या आणि गॅस मोठा केला. आम्ही दोघी शाळेत होतो. पुढचं मी आईच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ती ते सांगताना नेहमी उभी राहायची.

पातेलं तापलं आणि त्याच्यावर निळी ज्योत आली. पातेल्याच्या खाली नव्हे, वर. आईने प्रसंगावधान राखून झाकण घातलं, गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि गॅस गळतोय म्हणून खाली जाऊन ओनो-सानना घेऊन आली. ते टोपी काढून आत आले, शेगडी तपासली, मग पातेल्यावर वाकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आईने कधीही न पाहिलेलं समाधान पसरलं. त्यांनी हाताचा पेला करून ओठाला लावून दाखवला आणि आदराने वाकले. मग आपण निघतो असं म्हणाले, पण निघाले नाहीत. आईला कळायला वेळ लागला नाही. तिने आपल्या देवांसमोर, गुरुवारी, दारू उकळली होती. ओनो-सान गेल्यावर तिने ओटा तीनदा धुतला, स्वतः अंघोळ केली, देवांना घातली, आणि उरलेला पाक मात्र न फेकता आटवून पूर्ण केला. हातातलं काम अर्धं टाकणं तिला जमत नसे.

आम्ही घरी आलो तेव्हा तो मुरांबा स्टीलच्या डब्यात गार होत होता. नाओमी डब्याकडे बघत राहिली. मग तिने जपानीत मला सांगितलं आणि मी आईला. ती बरणी कधीच रिकामी करायची नसते. दर नाताळात हवं तेवढं काढायचं, आणि नवी फळं, नवी रम घालून जुन्यात मिसळायचं. मावशीने लग्न होऊन येताना तिच्या आईच्या बरणीतलं आणलं होतं, तिच्या आईने तिच्या आईच्या. ‘विरजण,’ आई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि खाली बसली. म्हणजे तिच्या विरजणाला जिने अंधारात, दुधाच्या रांगेत उभं राहून जगवलं, तिचं विरजण हिने उकळलं होतं.

दोन दिवसांनी नाओमीच्या फोनवर निरोप आला. आजी गेली. क्रियाकर्म झालं. पुढे लिहिलं होतं, मावशीच्या बहिणीने आवराआवर करताना आजीच्या स्वयंपाकघरातलं सगळं जुनं फेकलं, बरणीसुद्धा. ‘बरं झालं, माझी नेबरकडे आहे.’ नाओमीने ते मोठ्याने वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. नळ सोडून रडायचं हे ती जपानी शाळेत शिकली होती. आई तिच्यामागे गेली नाही. थोड्या वेळाने दाराबाहेरूनच म्हणाली, ‘विरजण बिघडलं तर शेजारणीकडून आणतात. तुझ्या आईने कुणाला दिलं होतं का, ते सांग.’

नळ बंद झाला. डेझमंडला दिलं होतं. पण मावशी आणि डेझमंड काही वर्षांपासून बोलत नव्हते. तो भर सभागृहात म्हणाला होता की फळं महिनोन् महिने मुरवायची काही गरज नाही, आदल्या दिवशी उकळून घेतली तरी केक तसाच होतो.

हे ऐकून आईने डोळे मिटले. रविवारी तिने ठेवणीतली साडी नेसली आणि आम्हा दोघींना घेऊन योकोहामाला निघाली. ‘बारमध्ये?’ बाबांनी विचारलं. ‘विरजण आणायला,’ आई म्हणाली. ‘तो बाकी काय विकतो ते त्याचं त्याला.’ बाबा म्हणाले, आपण उद्या बघू. तोवर आम्ही जिन्यात होतो.

बार स्टेशनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दारात एक जपानी तरुण कमरेपर्यंत जटा वाढवून बसला होता. आईचे हात नमस्कारासाठी अर्धे वर गेले, मग त्याच्या हातातली बाटली दिसली आणि ते तिने पदर सारखा करण्यात घालवले. आत डेझमंड मटण ढवळत होता. उंचापुरा, एक पाय ओढत चालणारा, पन्नाशीचा माणूस. आईने प्रास्ताविक केलं नाही. ‘मी व्हर्नाची शेजारीण. तिची बरणी माझ्याकडे होती. मी ती उकळली.’

डेझमंडने पळी खाली ठेवली आणि हसायला लागला. तो इतका हसला की जटावाला आत बघायला आला. ‘उकळली,’ तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ‘व्हर्नाची बरणी. मी सांगत नव्हतो?’ आई हसली नाही. त्याचं संपेपर्यंत हातातली पर्स धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, ‘तिची आई गेली. तिकडची बरणी पण गेली.’

तो थांबला. स्टुलावर बसला. मटण शिजत होतं आणि आईने श्वास तोंडाने घ्यायला सुरुवात केली होती. मग त्याने आईच्या शेजारच्या स्टुलावर हात ठेवला. म्हातारी एकदा जपानला आली होती तेव्हा इथे बसली होती, तो म्हणाला. त्याचा केक एक घास खाऊन तिने बाजूला सारला होता आणि दुसऱ्या दिवशी लेकीच्या बरणीतलं स्वतः आणून दिलं होतं. तो उठून मागे गेला आणि एक रुंद तोंडाची बाटली घेऊन आला, आत तीच काळी फळं. भांडणानंतरही दर वर्षी त्याने त्या बाटलीत भर घातली होती. ‘हे तिला सांगू नका,’ तो म्हणाला. त्याने अर्धं दुसऱ्या बाटलीत ओतून आईला दिलं. ‘फक्त एवढं सांगा, उकळलेलंही चालतं.’

‘ते तुम्ही येऊन सांगा,’ आई म्हणाली. ‘मी निरोप पोचवणारी बाई नाही.’

परतीच्या गाडीत आई ती बाटली मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. झाकण नीट बसलं नव्हतं. शेजारचा माणूस पुढच्या स्टेशनवर उठून दुसरीकडे गेला. आईने त्याच्याकडे बघितलं आणि पदराने बाटलीचं तोंड झाकून घेतलं.

व्हर्नामावशी परत आली तेव्हा आईने तिला चहासुद्धा विचारला नाही. ती आमच्या दारात बूट काढत असतानाच सांगून टाकलं. मावशी एक बूट हातात घेऊन तिथेच पायरीवर बसली. आईही तिच्याशेजारी जमिनीवर बसली, साडीची पर्वा न करता, बुटांच्या ओळीत. मी त्या दोघींना मागून बघत होते आणि मला मनापासून वाटत होतं की कुणीतरी ओरडावं. शेवटी आईने स्टीलचा डबा आणि बाटली तिच्यापुढे ठेवली. मावशीने डबा बाजूला केला. बाटली उघडून वास घेतला. ‘डेझमंड,’ ती म्हणाली. ‘स्वस्तातली रम वापरतो, कळतं लगेच.’ मग बोट घालून एक मनुका काढली आणि चावत राहिली, चावत राहिली. तिचं तोंड एकाएकी वेडंवाकडं झालं.

‘आहे,’ ती म्हणाली. ‘ममा आहे यात.’

आई माणसांना मिठी मारणाऱ्यातली नव्हती. ती आत गेली आणि दहीभात कालवून घेऊन आली. मावशीने डोळे पुसले, ताटलीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘नेबर, काहीही दे. दही नको.’

त्या नाताळला दोन केक झाले. एक बाटलीतल्या फळांचा, एक आईच्या मुरांब्याचा. डेझमंड आला, सगळ्यांत मागे उभा राहिला. मावशीने उकळलेल्याचा तुकडा त्याच्यादेखत खाल्ला आणि हा केक नव्हे असं जाहीर केलं. मग दुसरा तुकडा घेतला. त्याला तिने पायाचं कसं आहे ते विचारलं, आणि आम्हा मुलांचा जीव भांड्यात पडला. एक तुकडा तिने बशीत काढून खिडकीत ठेवला, गेलेल्या माणसासाठी. ही पद्धत आईला समजावून सांगावी लागली नाही. निघताना मावशीने नव्याने भरलेली बरणी आईच्या हातात दिली. ‘हिच्याकडेच राहू दे,’ ती सगळ्यांना म्हणाली. ‘या खोलीत न पिणारी ही एकटीच आहे.’ आईने दोन अटी घातल्या, बरणी देवांच्या खाली राहणार नाही आणि गुरुवारी उघडणार नाही. दोन्ही मान्य झाल्या.

आमची दोन वर्षांची बदली पुढे जन्मभराची झाली, ती कशी हे बाबांनाही सांगता यायचं नाही. दर वर्षी आई कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन रमची बाटली घ्यायची. काउंटरवरच्या यंत्राचा पडदा ‘आपण वीस वर्षांच्या वर आहात का?’ असं विचारायचा आणि ती चोरी कबूल केल्यासारखं ते बटण दाबायची. व्हर्नामावशी गेली, डेझमंड गेला, बरणी आईकडे राहिली. आईने केक कधीच चाखला नाही, त्यात अंडं असायचं.

आई गेली त्यालाही आता वर्षं झाली. दहाव्या दिवशी आम्ही नदीच्या बांधावर पिंड ठेवला, कारण ठाण्याचे मामा व्हिडिओवरून ऐकेनात. ज्या कावळ्यांशी तिने जन्मभर वैर केलं ते समोरच्या कठड्यावर ओळीने बसले होते आणि एकही पुढे येत नव्हता. मामा म्हणाले, इच्छा राहिली असेल, बोला काहीतरी. मी म्हटलं, बाबांकडे बघेन. नाही. नातवंडांना मराठी शिकवेन. नाही. भात गार होऊन गेला. माझ्यामागे नाओमी उभी होती, तिचेही केस तोवर पिकायला लागलेले. ती पुढे आली, वाकली आणि म्हणाली, ‘काकू, बरणी मी नेते. रिकामी होऊ देणार नाही.’ आणि जरा थांबून, ‘उकळणारही नाही.’

इथले कावळे काहीही खातात, त्यात अर्थ शोधू नये, असं बाबा परतताना म्हणाले. पण कावळा उतरला तेव्हा हात आधी त्यांनीच जोडले होते.